हिस्के म्हण, मग भांड

लेमर गावात कालव्याच्या काठच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हिस्के एकटी राहते. वय शहात्तर. आयुष्यातली अडतीस वर्षं मालवाहू जहाजावर गेली, त्यामुळे जमिनीवर येऊन सोळा वर्षं झाली तरी जमीन हलत नाही याची तिला सवय झालेली नाही. कॉफीचा कप ती अजून टेबलाच्या मधोमधच ठेवते. खालून जहाज गेलं की न बघता सांगते, "भरलेलं आहे, गव्हाचं असणार." नवरा लुबर्ट जाऊन तीन वर्षं झाली. त्याची आठवण येते का, असं शेजारणी विचारतात. ती म्हणते, "येते ना. भांडणांची सुद्धा येते." शेजारणी हसतात. त्यांना वाटतं, म्हातारीने गंमत केली.

ती मूळची बोल्सवर्डची, बेकरीवाल्याची मुलगी. एकोणीसशे एकोणसत्तर साली लुबर्टच्या वडिलांचं जहाज तिथल्या गिरणीला गहू घेऊन आलं आणि माल उतरायला पाच दिवस लागले. लुबर्ट रोज सकाळी दुकानात येऊन एक पाव घेऊन जायचा. कानापर्यंत लाल व्हायचा आणि पैसे ठेवून निघायचा. पाचव्या दिवशी त्याने तीन पाव मागितले.

"तीन? कोणी पाहुणे आलेत का जहाजावर?" हिस्केने विचारलं.

"नाही. तीन बांधायला वेळ जास्त लागतो."

एवढंच बोलला, पण पुरलं. पुढच्या वर्षी लग्न झालं. त्याच वसंतात लुबर्टचे वडील वारले होते. आईने जहाज या दोघांच्या हाती दिलं आणि ती लेमरच्या वृद्धाश्रमात, जिथे निवृत्त जहाजवाले राहत, तिथे खोली घेऊन राहू लागली. जहाजाचं नाव 'आल्त्ये'. तेच सासूबाईंचं नाव. सासऱ्यांनीच पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगात ते रंगवून घेतलेलं.

पंचावन्न मीटर लांबीचं जहाज, आणि राहायला मागच्या बाजूला दीड खोली. चूल, पलंग, टेबल, कपाटं सगळं एकात एक घुसवलेलं. हिस्के तिथेच पाव भाजायची. ती अंगाने भरलेली, गोरीपान, दंड गुबगुबीत. कणीक मळताना लुबर्ट मागून येऊन तिच्या मानेत नाक खुपसायचा आणि म्हणायचा, "माझा कणकेचा गोळा!" ती पिठाच्या हाताने त्याचं नाक पांढरं करायची. ते पहिलं वर्ष आठवलं की आजही तिला त्या खोलीतला यीस्टचा आणि डिझेलचा मिसळलेला वास येतो.

तेच शब्द कधी उलटले, ते तिला नेमकं सांगता येत नाही. बहुधा दुसऱ्या वर्षी, ऱ्हाइनवर. तिने दोर चुकीच्या खुंटाला टाकला आणि तो वरून ओरडला, "कणकेचा गोळा नुसता! हात आहेत की भाकऱ्या?" त्या वेळी ती हसली होती. नंतर 'मठ्ठ' आलं, 'बिनडोक' आलं, 'जमिनीवरची घूस' आलं. लुबर्ट वाईट माणूस नव्हता. दारू पीत नव्हता, हात कधी उचलला नाही. ती तापाने फणफणली तेव्हा दोन दिवस जहाज उभं करून उशाशी बसला. पण भांडण पेटलं की त्याच्या तोंडाला कुलूप राहायचं नाही. मूळ मुद्दा कुठे वाहून जायचा आणि नुसती नावं उरायची. अर्ध्या तासाने तो शीळ वाजवत कॉफी मागायचा, जणू काही झालंच नाही. हिस्के मात्र तो शब्द घेऊन आठवडा-आठवडा फिरायची. भांडी घासताना तो आठवायचा. आरशासमोर उभी राहिली की स्वतःच्या दंडांकडे बघायची.

जमिनीवरच्या बायका दार आपटून बाहेर तरी जातात. जहाजावर कुठे जाणार? चारी बाजूंनी पाणी.

म्हणून तिनेही एक हत्यार शोधून काढलं. ऱ्हाइनवर जहाज चालवायच्या परवान्याच्या परीक्षेत लुबर्ट दोनदा आपटला होता. लिहायला बसला की अक्षरं त्याच्यासमोर नाचायची. तिसऱ्यांदा पास झाला, पण ते दुखणं त्याने तिच्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. एका भांडणात ती म्हणाली, "जा रे, नापास!" त्याचा चेहरा असा पडला की तिला क्षणभर बरं वाटलं. मग दिवसभर ती त्याच्या नजरेला नजर देईना. तरी पुढच्या वेळी तोच शब्द पुन्हा तोंडात आला.

त्यांची मुलगी रेन्स्के सात वर्षांची झाली तशी जहाजवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात गेली. तिथे सोडून परतताना हिस्के रडली, लुबर्टही रडला. खरं सांगायचं तर हिस्केच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि तिची तिला लाज वाटली. आता निदान पोरीच्या कानावर हे सगळं पडणार नाही, म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

मग अठ्ठ्याहत्तरचा ऑक्टोबर आला. जहाजात रॉटरडॅमहून भरलेला मका होता, गुरांच्या खाद्याचा. मोठा तलाव ओलांडून दुपारी ते लेमरच्या लॉकपाशी पोचले, म्हणजे तलाव आणि कालवा यांच्यामधल्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या पाण्याच्या हौदापाशी. वारा आडवा आणि जोराचा. लॉकमध्ये आधीच दोन जहाजं शिरलेली, मागे तिसरं येत होतं. हिस्के पुढच्या टोकाला दोर घेऊन उभी राहिली. मागे काचेच्या खोलीत लुबर्टचा एक हात सुकाणूवर आणि दुसऱ्यात वायरलेसचा माईक, लॉकवाल्याशी बोलणं चाललेलं. हिस्केने दोर फेकला. वाऱ्याने तो उडवला आणि पाण्यात पडला. जहाज भिंतीला घासलं आणि करकर असा लांबलचक आवाज झाला.

लुबर्टने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "अगं ए बिनडोक! कणकेच्या गोळ्या! आठ वर्षं झाली, एक दोर टाकता येत नाही तुला? डोक्यात पीठ भरलंय का पीठ?"

माईकचं बटण त्याच्या मुठीत दाबलेलंच राहिलं होतं. त्यामुळे प्रत्येक शब्द दोन वेळा आला, एकदा खिडकीतून आणि एकदा लॉकमधल्या सगळ्या जहाजांच्या भोंग्यांतून, खरखरीत आणि मोठा. शेजारच्या जहाजावर एक बाई बटाटे सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि पटकन खाली घातली. तिच्या नवऱ्याला हसू आवरलं नाही. वर काठावर उभा असलेला लॉकवाला आपल्या बुटांकडे बघू लागला.

हिस्केने दोर ओढून घेतला. पिळला, पुन्हा फेकला. या वेळी तो खुंटावर बरोबर बसला. तिने गाठ मारली, ताण बघितला. मग जहाजाच्या कडेने शांतपणे मागे चालत गेली, खोलीत उतरली, चुलीवरच्या वाटाण्याच्या सूपखालचा गॅस बंद केला आणि पिशवीत चार कपडे भरले.

ती वर आली तेव्हा लुबर्टचा चेहरा पांढरा पडला होता. बटणाचं त्याच्या लक्षात आलं होतं.

"कुठे चाललीस?"

"जमिनीवर."

"हिस्के, अगं, दरवाजे उघडतायत! मागे जहाज आहे!"

"मग ने तुझं जहाज," ती म्हणाली आणि लॉकच्या काठावर पाय ठेवून उतरली.

चालता चालता तिला कळेना, जायचं कुठे. बोल्सवर्डची बस होती, पण तिथे वडील म्हणाले असते, मी तेव्हाच सांगितलं होतं. ते ऐकायची ताकद तिच्यात नव्हती. पावलं आपसूक गावाकडे वळली आणि तासाभराने ती सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आल्त्येबाई कडक. आठ वर्षांत त्यांनी सुनेचं ना कधी कौतुक केलं, ना कधी टोचून बोलल्या. नाताळला यायच्या, मोजे विणून द्यायच्या आणि जायच्या.

"एकटीच? लुबर्ट कुठाय?"

"जहाजावर. आई, मी आज रात्री इथे राहू का?"

आल्त्येबाईंनी पिशवीकडे बघितलं. कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. हिस्केने सगळं सांगितलं, वायरलेससकट. सांगताना ते शब्द पुन्हा उच्चारावे लागले, तेव्हा तिला रडू फुटलं.

आल्त्येबाईंनी तिचा कप पुन्हा भरला. "त्याचा बाप मला खराटा म्हणायचा," त्या म्हणाल्या. "मी काटकुळी ना, म्हणून. खराटा, इकडे ये. खराट्याला काय कळतंय. एकतीस वर्षं. मी म्हणायचे, जाऊ दे, वारा आहे, वाहतो. तो गेला आणि चर्चमध्ये धर्मगुरूंनी वाचलं, आल्त्ये यांचे पती. मी मान वळवून बघितलं, ही कोण बाई बसलीय म्हणून."

हिस्के म्हणाली, "पण जहाजाला तर तुमचंच नाव..."

"रंगवलं होतं. हाक नाही मारली." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तू? तू काय म्हणतेस त्याला?"

हिस्केने बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

"अगं, मी काय आज जन्मले? काहीतरी म्हणत असशीलच."

"नापास," हिस्के खालच्या आवाजात म्हणाली.

आल्त्येबाईंनी डोळे मिटले. लहानपणी वहीवर डोकं टेकवून रडणारा लुबर्ट त्यांना ठाऊक होता. "हे असं आहे तर," त्या एवढंच म्हणाल्या आणि पलंगावरची जादा उशी काढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुबर्ट आला. जहाज त्याने कसंबसं एकट्याने लॉकबाहेर काढून धक्क्याला बांधलं होतं. दारातच घुश्शात उभा. "चल. मका वाट बघतोय. लोकांत शोभा झाली तेवढी बास."

"शोभा कोणी केली?"

"चुकून दाबलं गेलं ते बटण!"

"बटणाचं नाही बोलत मी," हिस्के म्हणाली. "बटण नसतं तर ते बरोबर होतं का?"

तो तसाच पाय आपटत गेला. त्या दिवशी हिस्केने सासूबाईंच्या खिडक्या पुसल्या, पडदे धुतले. संध्याकाळी दोघी पत्ते खेळल्या. सासूबाई पत्त्यांत लबाडी करतात हे तिला आठ वर्षांनी कळलं. तिने ते बोलून दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

तिसऱ्या दिवशी लुबर्ट पुन्हा आला. दाढी वाढलेली, टोपी हातात. आत येऊन खुर्चीच्या कडेला बसला.

"वायरलेस बंद केलाय मी," तो म्हणाला.

"का?"

"काल सकाळपासून चाललंय त्यांचं. इथून जो जातो तो विचारतो, 'आल्त्ये, आल्त्ये, आज कणीक मळली का?' एक जण म्हणाला, 'गोळा पळाला वाटतं, फुगून फुगून.' मला वाटलं, त्याच्या जहाजावर चढावं आणि दात पाडावेत त्याचे. तुला असं बोलतो म्हणजे काय?" तो थांबला. "मग माईक हातात धरून तसाच बसून राहिलो. काय बोलणार? शब्द माझेच होते."

हिस्केच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही.

आल्त्येबाई विणता विणता म्हणाल्या, "लुबर्ट, तुझा बाप मला काय म्हणायचा, आठवतं?"

"आई, आता ते कशाला..."

"आठवतं का?"

"खराटा," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"तू आणि तुझा भाऊ हसायचात. पोटं धरून हसायचात. मी तुम्हाला दोष नाही देत, पोरं होतात. पण मला ऐकू यायचं."

वर्षानुवर्षं दोर ओढून ओढून राठ झालेला लुबर्टचा हात टोपीची कड चुरगाळत राहिला. मग तो उठला, आईच्या खुर्चीपाशी जाऊन वाकला. काय बोलला ते हिस्केला ऐकू आलं नाही. म्हातारीने त्याच्या डोक्यावर विणकामासकट हात ठेवला.

जहाजाकडे परतताना वाटेत हिस्के बोलली. तिने दोन दिवस ते मनात घोळवलं होतं.

"मला भांडायचंच नाही, असं मी म्हणत नाही. आपण दोघं भांडणारच. दोर चुकला तर चुकला म्हण, दहादा म्हण. पण आधी हिस्के म्हण, मग भांड. माझं नाव घेऊन जे सांगशील ते सगळं मी ऐकेन. दुसरं काही म्हणालास की माझे कान बंद, आणि मी चालले जहाजाच्या पुढच्या टोकाला. तू शांत झालास की बोलू."

"आणि तू?"

"तो शब्द मी पुन्हा उच्चारणार नाही." तिला तो शब्द सांगावासुद्धा वाटेना. "ते म्हणायला नको होतं मी, लुबर्ट. तू मला विश्वासाने सांगितलं होतंस."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. बरंच पुढे गेल्यावर म्हणाला, "सूप मी संपवलं. गार. तीन दिवस तेच."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून 'बिनड...' एवढं निघालं आणि त्याने जीभ चावली, खरोखरच चावली, रक्त आलं. त्या हिवाळ्यात हिस्के कितीदा तरी पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली, गळ्याशी मफलर, डोळ्यांतून पाणी. पंचावन्न मीटर जाणं आणि पंचावन्न मीटर येणं. कधी तो तिच्यामागे आरडत यायचा आणि ती पाठ फिरवून उभी राहायची. एकदा तिच्याच तोंडात 'ना' आला आणि ती स्वतःहून तरातरा निघून गेली. लुबर्टला कळेचना, आता हिला काय झालं. नंतर तोही आपल्या पायांनी जायला लागला. दुरून बघणाऱ्यांना वाटायचं, या जोडप्याला दोर तपासायचं वेडच लागलंय.

परत आल्यावर भांडण संपलेलं नसायचं, हे हिस्केला विशेष आवडायचं. तो येऊन म्हणायचा, "हं. हिस्के. त्या खुंटाचं." आणि मग खरोखर खुंटाबद्दलच बोलणं व्हायचं. कधी तिचं खरं निघायचं, कधी त्याचं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या भांडणांना शेवट येऊ लागला. 'कणकेचा गोळा' मात्र कायमचा गेला, प्रेमातलासुद्धा. पहिल्या वर्षीचा तो शब्द गेला याचं तिला अधूनमधून वाईट वाटे, पण परत मागावासा कधी वाटला नाही.

आल्त्येबाई आणखी नऊ वर्षं जगल्या. दर रविवारी लुबर्ट वायरलेसच्या टेलिफोनवरून त्यांना फोन करायचा. आश्रमातल्या बायका म्हणत, यांच्या लेकाचं काहीतरी बिनसलंय, आईला 'आल्त्ये आई' म्हणून हाक मारतो.

सगळ्यांत जास्त हिस्केला आठवतो तो पंच्याऐंशीचा हिवाळा. फ्रीसलंडच्या एका कालव्यात बर्फ धरला आणि 'आल्त्ये' अकरा दिवस जागच्या जागी अडकलं. पुढे-मागे आणखी सहा जहाजं तशीच. चौदा वर्षांची रेन्स्के वसतिगृहातून सुट्टीला आली होती आणि दिवसभर बर्फावर घसरायला जायची. सहाव्या दिवशी दुपारी भांडण जुंपलं, ते रेन्स्केवरूनच. तिला पुढे शिकायला ग्रोनिंगनला पाठवायचं की नाही. हिस्केचं म्हणणं, पाठवायचं. लुबर्टचं म्हणणं, पोरगी आणखी लांब जाईल. आवाज चढले. लुबर्टने तोंड उघडलं, मिटलं, टोपी डोक्यावर दडपली आणि निघाला.

पुढच्या टोकाला पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आज पाणी नाही, बर्फ आहे. तो शिडीवरून खाली उतरला आणि सरळ कालव्याच्या मधून चालू लागला. हिस्के खिडकीतून बघत राहिली. पांढऱ्याशुभ्र कालव्यावर तिचा नवरा, हात मागे बांधलेले, बदकासारखी सावध पावलं टाकत चाललेला, लहान लहान होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

तासभर झाला तरी येईना. तिने बूट चढवले, तेवढ्यात तो वळणावर दिसला. हातात वर्तमानपत्राचं पुडकं होतं. वर आला तेव्हा नाकाचा शेंडा लाल, मिशीवर बर्फाची खडी.

"शेवटच्या जहाजापर्यंत गेलो," तो म्हणाला. "त्यांनी धुरावलेली ईल मासळी दिली. म्हणाले, कुठे निघालास एवढ्या थंडीत? मी म्हटलं, बायकोशी भांडतोय."

"मग?"

"मग काय, बस म्हणाले. कॉफी दिली." त्याने पुडकं टेबलावर उघडलं. तेलकट, सोनेरी कातडीचे चार तुकडे. खोलीभर धुराचा वास पसरला. "हिस्के."

"हं."

"ग्रोनिंगनला गेली तर शनिवारी घरी येता येईल का तिला? ट्रेन आहे का?"

"आहे. मी वेळापत्रक बघून ठेवलंय."

"ठेवलं असशीलच," तो म्हणाला आणि सुरी शोधू लागला. हिस्केने पाव कापला. बाहेर रेन्स्के कोणाला तरी हाका मारत हसत होती. ते दोघं टेबलाशी गुडघ्याला गुडघा लावून बसले, कारण त्या खोलीत दुसरं कसं बसताच येत नसे, आणि हाताने मासळी खाऊ लागले.